घरातले हसू आणि नगरातले हसू : ग्रीक सुखात्मिकेचा मराठीपर्यंतचा प्रवास

मराठी नाट्यविचारात ग्रीक रंगभूमीचा उल्लेख येतो तो बहुतेक वेळा शोकात्मिकेच्या निमित्ताने. गो. वि. करंदीकर यांनी १९५७ मध्ये ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत आणले, तेव्हापासून करुणा, भय आणि विरेचन या संज्ञा मराठी समीक्षेच्या नित्य वापरात आल्या. पु. ल. देशपांडे यांचे ‘राजा ओयदिपौस’ हे रूपांतरही शोकात्मिकेचेच आहे. सुखात्मिकेचा प्रश्न मात्र मागे राहिला. त्याला एक कारण मूळ ग्रंथातच आहे. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथाचा उपलब्ध भाग मुख्यतः शोकात्मिका आणि महाकाव्य यांविषयीचा आहे. सुखात्मिकेविषयी नंतर बोलू असे तो सांगतो, पण ते विवेचन काळाच्या ओघात नाहीसे झाले. त्यामुळे हास्याचा विचार करताना मराठी समीक्षेला ग्रीकांचा आधार मिळाला नाही. न. चिं. केळकर यांनी ‘सुभाषित आणि विनोद’ (१९०८) व पुढे ‘हास्यविनोदमीमांसा’ (१९३७) या ग्रंथांत ही मीमांसा स्वतंत्रपणे उभी केली.

असे असले तरी ग्रीक सुखात्मिका मराठीत आलीच नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ती आली, परंतु तिची एकच शाखा आली, आणि तीही आपले मूळ नाव हरवून, तीनचार भाषांचे घाट उतरून आली. दुसरी शाखा भाषांतराच्या मार्गाने मराठीच्या मुख्य रंगप्रवाहात शिरली नाही. हा फरक का पडला, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाच्या संदर्भात त्याचा अर्थ काय होतो, हा या निबंधाचा विषय आहे. जबलपूरच्या ओमतीसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ नाट्येतिहासाचा उरत नाही. आपली भाषा आता कोणत्या हास्यासाठी वापरली जाते, हे त्यातून कळते.

दोन सुखात्मिका

अथेन्समध्ये डायोनायससच्या महोत्सवात सुखात्मिकेची अधिकृत स्पर्धा इ. स. पू. ४८६ पासून सुरू झाली. या आरंभीच्या परंपरेचा सर्वांत मोठा प्रतिनिधी म्हणजे ॲरिस्टोफेनीस (इ. स. पू. सुमारे ४४६ ते ३८६). त्याने लिहिलेल्या सुमारे चाळीस नाटकांपैकी अकरा आज संपूर्ण उपलब्ध आहेत. ‘आकार्नियन्स’ (इ. स. पू. ४२५), ‘घोडेस्वार’ (४२४), ‘मेघ’ (४२३), ‘गांधीलमाश्या’ (४२२), ‘पक्षी’ (४१४), ‘लिसिस्ट्राटा’ (४११) आणि ‘बेडूक’ (४०५) ही त्यांतील महत्त्वाची नाटके. त्यांचा नायक व्यक्तीपेक्षा नगर हाच असतो. युद्ध चालू ठेवावे की थांबवावे, न्यायालयात बसणाऱ्या वृद्धांना कोण नाचवतो, लोकसभेत कोणाचा आवाज चालतो, हे या नाटकांचे विषय आहेत. हयात पुढाऱ्याचे नाव घेऊन, त्याच्या समोर, त्याच्याच मतदारांना हसवण्याची मुभा या नाटककाराला होती. क्लिऑन या प्रबळ पुढाऱ्यावर त्याने ‘घोडेस्वार’मध्ये केलेला हल्ला हे त्याचे ठळक उदाहरण होय. अर्थात ही मुभा अगदी निर्वेध नव्हती. इ. स. पू. ४२६ मधील एका नाटकानंतर क्लिऑनने त्याच्यावर परकीयांसमोर नगराची निंदा केल्याचा आरोप आणल्याचा उल्लेख ‘आकार्नियन्स’मध्येच सापडतो.

या नाटकांची रचनाही नगरसभेला साजेशी आहे. चोवीस जणांचा वृंद नाचतो, गातो, कधी पक्षी तर कधी बेडूक बनतो. नाटकाच्या मध्यावर कथानक थांबवून हा वृंद पुढे येतो आणि प्रेक्षकांशी थेट बोलतो. ग्रीक परिभाषेत या भागाला ‘पॅराबेसिस’ म्हणतात. त्यात कवी स्वतःची बाजू मांडतो, नगराला सल्ला देतो, प्रतिस्पर्ध्यांची टिंगल करतो.

अथेन्सचे साम्राज्य कोसळले आणि पुढे मॅसिडोनियाची सत्ता आली. नगराचे निर्णय नगराच्या हातात राहिले नाहीत, तेव्हा सुखात्मिकेचा रोखही बदलला. मिनँडर (इ. स. पू. सुमारे ३४२ ते २९०) हा या ‘नव्या सुखात्मिके’चा श्रेष्ठ नाटककार. त्याच्या नाटकांत वृंद केवळ दोन अंकांमधल्या गाण्यापुरता उरतो आणि पुढारी दिसत नाही. दिसतात ते कंजूष बाप, प्रेमात पडलेला मुलगा, चतुर गुलाम, बढाईखोर शिपाई, गणिका, आणि लहानपणी हरवलेली मुलगी. संशय, ओळखीचा घोटाळा, शेवटी ओळख पटणे आणि लग्न, हा त्याचा ठरलेला प्रवास. नगराची सुखात्मिका घराच्या सुखात्मिकेत रूपांतरित झाली ती अशी.

या रूपांतराचा एक परिणाम भाषांतराच्या इतिहासावर झाला. नगर आपल्या जागेवर राहते; घर प्रवास करते. कोणत्याही देशातला कंजूष बाप कोणत्याही देशातल्या प्रेक्षकाला कळतो. क्लिऑन मात्र टीपा दिल्याशिवाय कळत नाही. म्हणून मिनँडरची नाटके स्वतः नष्ट होऊनही त्यांची वंशावळ टिकली, आणि ॲरिस्टोफेनीसची नाटके टिकूनही दीर्घकाळ रंगभूमीपासून दूर राहिली.

मिनँडरचे मराठी वारस

रोममध्ये प्लॉटस आणि टेरेन्स यांनी नव्या सुखात्मिकेची लॅटिन रूपे घडवली. टेरेन्सच्या सहा नाटकांपैकी चार मिनँडरच्या नाटकांवर आधारलेली आहेत. प्लॉटसचे जुळ्या भावांचे नाटक आणि ॲम्फिट्रिऑनची कथा यांच्या मिश्रणातून शेक्सपियरचे ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ तयार झाले. प्लॉटसच्याच सोन्याच्या हंड्याच्या नाटकावरून मोलिएरने १६६८ मध्ये ‘कंजूष’ लिहिले. या दोन्ही वाटा पुढे भारतात आल्या. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’वरून ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८६९ मध्ये बंगालीत ‘भ्रांतिविलास’ लिहिले, मराठीत १८७८ मध्ये ‘भ्रांतिकृत चमत्कार’ आले आणि हिंदी चित्रपटाने १९८२ मध्ये ‘अंगूर’ दिला. मोलिएरच्या कंजुषाला आचार्य अत्रे यांनी ‘कवडीचुंबक’मध्ये मराठी बोलायला लावले. या नाटकांना हसणाऱ्या प्रेक्षकाला आपण एका ग्रीक परंपरेच्या दूरच्या वारसाला हसतो आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

या वाटेवरचे सर्वांत परिपक्व मराठी फळ म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’. त्याचा पहिला गद्य अवतार ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ १८९३ मधला. संगीत रूप १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. मोलिएरच्या १६६० च्या एका लघुसुखात्मिकेवरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक लिहिले आणि मर्फीवरून देवलांनी मराठी. एक तसबीर, एक संशयी नवरा, एक संशयी बायको, आणि प्रत्येक खुलाशातून वाढत जाणारा गैरसमज, ही या नाटकाची यंत्रणा. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली : फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, भादव्या. या एकाच युक्तीने परकेपणा पूर्णपणे पुसला गेला, आणि त्याच वेळी ही माणसे विशिष्ट गावची नसून पंचांगासारखी सार्वत्रिक आहेत, असेही सुचवले गेले. व्यक्तीऐवजी नमुना रंगवणाऱ्या नव्या सुखात्मिकेच्या वृत्तीशी हे नामकरण तंतोतंत जुळते.

याहून महत्त्वाचा बदल रेवतीच्या बाबतीत आहे. मर्फीच्या नाटकातील तरुणी ही प्रतिष्ठित गृहस्थाची कन्या आहे. देवलांची रेवती गाणाऱ्या नायकिणीच्या घरात वाढलेली आहे. या बदलामुळे देवल नकळत मोलिएरच्याही मागे, मिनँडरच्या जगात जाऊन पोहोचतात. कारण गणिका आणि गृहस्थ यांच्यामधली सीमारेषा हा नव्या सुखात्मिकेचा आवडता विषय होता. तिथे ही सीमा बहुधा ओळख पटवून ओलांडली जाते : जिला गणिका समजले ती खरे तर नागरिकाची हरवलेली मुलगी निघते आणि मग लग्नाला आडकाठी उरत नाही. ‘मृच्छकटिका’त वसंतसेनेला राजाज्ञेने वधूपद मिळते. ‘मृच्छकटिक’ मराठी रंगभूमीवर आणणारे देवल याच प्रश्नाला आपल्या काळाचे उत्तर देतात. रेवतीच्या जन्माचे रहस्य उलगडण्याची त्यांना गरज वाटत नाही. अश्विनशेटाचा विश्वास पुरेसा ठरतो. ‘शारदा’ लिहिणाऱ्या नाटककाराची सुधारकी दृष्टी हास्याच्या आडून इथेही काम करते.

मिनँडरशी देवलांचे हे साम्य अनुकरणातून आले असण्याची शक्यता नाही. १८९३ मध्ये मिनँडरचे एकही नाटक वाचायला उपलब्ध नव्हते. इतर ग्रंथकारांनी दिलेली अवतरणे तेवढी माहीत होती. त्याच्या काही नाटकांचे मोठे भाग असलेली पपायरसची वही इजिप्तमध्ये १९०५ मध्ये सापडली. त्यांतील एका नाटकात प्रेयसीला परक्या पुरुषाने आलिंगन दिल्याचे ऐकून शिपाई संतापाने तिचे केस कापतो, आणि तो ‘परका पुरुष’ तिचा भाऊ निघतो. फाल्गुनरावाचा संशय ज्या जातीचा, त्याच जातीचा हा संशय आहे. इ. स. पू. ३१६ मध्ये पारितोषिक मिळवणारे ‘दिस्कोलोस’ हे जवळजवळ संपूर्ण नाटक तर १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मराठी रंगभूमीने मिनँडरच्या नातवंडांना आपलेसे केले, त्यानंतर जगाला स्वतः मिनँडर सापडला.

इथे एका जुन्या वादाची नोंद घेतली पाहिजे. १८८२ मध्ये विंडिश या जर्मन पंडिताने संस्कृत नाटक, विशेषतः ‘मृच्छकटिक’, नव्या ग्रीक सुखात्मिकेच्या प्रभावातून घडले असा सिद्धांत मांडला. ‘यवनिका’ या शब्दालाही साक्षीला बोलावण्यात आले. सिल्व्हँ लेव्ही यांनी १८९० मध्ये या मताचा प्रतिवाद केला. विसाव्या शतकाच्या आरंभी सरगुजा भागातील रामगढच्या टेकडीवरील सीताबेंगा गुंफा पाहून ब्लॉख यांनी तिथे ग्रीक पद्धतीच्या रंगमंडपाची कल्पना केली. तीही सर्वमान्य झाली नाही. या वादातून घेण्यासारखी गोष्ट पद्धतीची आहे. साम्य आढळले की उसनवारी सिद्ध होत नाही. सारख्या सामाजिक पेचातून सारखी हास्ययंत्रणा स्वतंत्रपणे उभी राहू शकते, हे देवलांच्या उदाहरणावरूनच दिसते.

ॲरिस्टोफेनीस दाराशी का थांबला

आता दुसऱ्या शाखेकडे वळावे. पश्चिम भारतात ॲरिस्टोफेनीसचा प्रवेश आश्चर्य वाटावे इतक्या लवकर झाला, पण तो गुजरातीत. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स यांच्या प्रेरणेने कवी दलपतराम यांनी १८५१ मध्ये ‘प्लूटस’ या नाटकावरून ‘लक्ष्मी नाटक’ रचले. अर्वाचीन गुजराती नाटकाच्या आरंभीच्या कृतींत त्याची गणना होते. आंधळ्या संपत्तिदेवाला दृष्टी आली तर धन सज्जनांकडे जाईल की नाही, हा या नाटकाचा विषय. निवड लक्षणीय आहे. इ. स. पू. ३८८ चे ‘प्लूटस’ हे ॲरिस्टोफेनीसच्या उपलब्ध नाटकांतील शेवटचे. त्यात वृंदाचे काम आटलेले आहे, पॅराबेसिस नाही, आणि कोणा पुढाऱ्यावरचा हल्ला कथेच्या केंद्रस्थानी नाही. मध्ययुगीन बायझंटाइन पाठशाळांतही तेच सर्वाधिक वाचले जात असे. म्हणजे नगराच्या नाटककाराचे जे नाटक सर्वांत कमी नागर, तेच सीमा ओलांडून आले. भाषांतराविषयीचा वर सांगितलेला नियम इथेही खरा ठरतो.

मराठीत हे का घडले नाही, याची कारणे ज्ञानाच्या अभावात शोधणे अपुरे आहे. ॲरिस्टोफेनीसच्या ‘आकार्नियन्स’, ‘घोडेस्वार’, ‘पक्षी’ आणि ‘बेडूक’ यांची गाजलेली इंग्रजी भाषांतरे करणारे जॉन हुकम फ्रिअर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांचे चुलते होते. भाषांतर मुंबईच्या सत्ताधाऱ्याच्या घरातच होते. परंतु शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासात शेक्सपियर होता. नाटककार जे शिकले तेच त्यांनी रूपांतरित केले. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ (१८६७), आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३), वासुदेव बाळकृष्ण केळकरांची ‘त्राटिका’ ही मालिका त्यातून उभी राहिली. अभिजात नाटक हवे असेल तर परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्यासारख्यांनी संस्कृतातून आणलेली नाटके हाताशी होतीच. ग्रीकांकडे जाण्याचे निकड भासावी असे कारण उरले नाही. त्यातच ॲरिस्टोफेनीसची मोकळी शृंगारिक भाषा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज भाषांतरकारांनीच गाळून किंवा सौम्य करून दिली होती. मराठी सुशिक्षितांच्या सभ्यतेच्या कल्पनांत ती बसणे कठीणच होते.

दुसरे कारण राजकीय आहे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या कलकत्ता भेटीवरील उपहासात्मक बंगाली प्रयोगानंतर १८७६ मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा झाला. सत्ताधाऱ्याचे नाव घेऊन हसणे ही जुन्या सुखात्मिकेची पहिली अट. हा कायदा नेमके तेच गुन्हा ठरवणारा होता. परिणामी मराठी राजकीय नाटक रूपकाकडे वळले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. खाडिलकरांचेच ‘बायकांचे बंड’ही १९०७ चे. प्रमिलेच्या स्त्रीराज्याची कथा त्यात आहे आणि तिचा शेवट पौराणिक परंपरेप्रमाणे विवाहात होतो. ‘लिसिस्ट्राटा’शी तुलना केली म्हणजे वसाहतकालीन रंगभूमीची विभागणी स्पष्ट होते. ॲरिस्टोफेनीसच्या स्त्रिया पतींना शय्येपासून दूर ठेवून आणि खजिना ताब्यात घेऊन युद्ध थांबवायला भाग पाडतात. त्यांचे बंड एकाच वेळी घरातले आणि राज्यातले आहे. खाडिलकरांच्या लेखनात एकाच वर्षी राज्याचा संताप शोकगंभीर नाटकात गेला आणि स्त्रियांचे बंड सुखात्मिकेत. हास्य आणि राजकारण यांना एकत्र येऊ न देणारी ही फाळणी नाटककाराच्या प्रतिभेच्या मर्यादेपेक्षा त्या काळाच्या परिस्थितीने अधिक घडवली.

तो कायदा दीर्घायुषी निघाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, तरी केंद्रीय कायद्यांच्या संग्रहातून तो २०१८ मध्ये वगळला गेला. खुद्द ग्रीसमध्येही ॲरिस्टोफेनीस निरुपद्रवी झालेला नाही. कारोलोस कून यांच्या ‘पक्षी’च्या प्रयोगावर १९५९ मध्ये अथेन्समध्ये बंदी आली. ३ मार्च २००३ रोजी, इराकवरील हल्ल्याच्या पूर्वसंध्येला, जगभर हजाराहून अधिक ठिकाणी ‘लिसिस्ट्राटा’चे वाचन युद्धाचा निषेध म्हणून झाले. चोवीस शतके जुने नाटक निषेधाचे हत्यार म्हणून वापरता येते, ते त्यातील नावे टिकली म्हणून नव्हे. नगराने स्वतःला हसण्याची जी रीत त्यात आहे, ती टिकली म्हणून.

देशी पॅराबेसिस

तिसरे कारण अधिक आश्वासक आहे. ॲरिस्टोफेनीस जे काम करत होता, त्यासाठी मराठीत देशी रूपे आधीच तयार होती. १८५६ च्या सुमारास अमरचंदवाडीकर मंडळींनी पौराणिक नाटकानंतर फार्स दाखवण्याची प्रथा पाडली आणि समकालीन माणूस रंगमंचावर आला. त्याच्या आदल्याच वर्षी महात्मा फुले यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. शेतकरी जोडप्याला फसवणारा जोशी आणि प्रत्येक प्रवेशात मध्ये पडून त्याचे बिंग फोडणारा विदूषक ही त्याची रचना. संस्कृत नाटकातील राजाचा मित्र असलेला विदूषक फुल्यांनी राजवाड्यातून काढून चव्हाट्यावर उभा केला आणि त्याला प्रेक्षकांच्या बाजूने बोलायला लावले. हे कार्य पॅराबेसिसचेच आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही, आणि मराठी रंगभूमीचा प्रवाह त्यापासून दूर वाहत गेला.

तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग अशा क्रमाने जाणारा खेळ कथानकाला कधीच बंदिस्त ठेवत नाही. सोंगाड्या राजाशी बोलता बोलता प्रेक्षकांकडे वळतो आणि गावच्या सरपंचाचे नाव घेतो. गाणे, नाच, ग्राम्य विनोद आणि ताज्या घडामोडींवरची टिप्पणी यांचे मिश्रण जुन्या सुखात्मिकेच्या जितके जवळ आहे, तितके शेक्सपियर-मोलिएरच्या परंपरेतील कोणतेही मराठी रूपांतर नाही. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्याने हा बाज शहरी नाट्यगृहात आणला. दादा कोंडके यांच्या हजरजबाबी पदरच्या विनोदामुळे प्रत्येक प्रयोग त्या दिवसाच्या वर्तमानपत्राशी जोडला गेला. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) समूहाला भिंत, गर्दी आणि साक्षीदार बनवून वृंदाची शक्ती पुन्हा दाखवून दिली, ते नाटक सुखात्मिका नसले तरी त्यातील हसू नगराचेच आहे. भाषांतराची उणीव लोकपरंपरेने अशा रीतीने बऱ्याच अंशी भरून काढली.

परंतु या भरपाईला एक अट आहे. सोंगाड्याने सरपंचाचे नाव घ्यावे आणि सर्वांनी हसावे, यासाठी सोंगाड्या, सरपंच आणि प्रेक्षक यांची भाषा एक असावी लागते. ही अट महाराष्ट्रात सहज पुरी होते. नर्मदेच्या काठावर ती पुरी होत नाही.

ओमतीचा प्रश्न

जबलपूर १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्याची राजधानी नागपूर झाली. ७ मार्च १८७० रोजी मुंबई आणि कलकत्ता या बाजूंचे लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले. कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे आणि शाळा यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे इथे येत राहिली. मराठी आणि हिंदी हे एकाच प्रांताचे दोन अवयव होते. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे क्षेत्रही दोन्ही भाषांचे होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ही जोडणी सुटली. नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि तिथे उच्च न्यायालय आले. त्या दिवसापासून शहराच्या कारभारात मराठीला स्थान उरले नाही. ती घराची, सणावारांची आणि मंडळांची भाषा झाली.

ओमती नाल्याच्या परिसरात, शहराच्या मध्यवर्ती गजबजाटात, या स्थितीचे रोजचे रूप दिसते. मराठी माणूस इथे घरात मराठी बोलतो. नाला तुंबल्याची तक्रार, बाजारातला व्यवहार, निवडणुकीतला वाद आणि पोलीस चौकीतला जबाब मात्र हिंदीत होतो. ग्रीक सुखात्मिकेच्या दोन शाखांचा विचार इथे एकदम मूर्त होतो. ‘संशयकल्लोळ’ ओमतीत जसेच्या तसे करता येते; त्यातले घर कोणत्याही मराठी घरासारखे आहे. ‘घोडेस्वार’ मराठीत आणायचे तर प्रश्न उभा राहतो : कोणत्या नगराचे? पुण्याची किंवा मुंबईची नावे घातली तर ओमतीचा प्रेक्षक पाहुणा ठरतो. जबलपूरची नावे घातली तर ज्यांची टिंगल करायची त्यांना ती भाषाच कळत नाही, आणि ज्याला उद्देशून बोललो त्याला न कळणारी टिंगल म्हणजे पाठीमागची कुजबुज. ‘आकार्नियन्स’चा आरंभ आठवावा : सभास्थानी वेळेवर आलेला एकटा शेतकरी इतर नागरिकांची वाट पाहत बसतो. त्याच्या हसण्याला अर्थ आहे, कारण ते सभास्थान त्याचे आहे.

मग जबलपूरला स्वतःचा ॲरिस्टोफेनीस मिळाला नाही काय? मिळाला, पण तो हिंदीत लिहिणारा होता. हरिशंकर परसाई (१९२४–१९९५) यांनी नागपूर विद्यापीठातून एम. ए. केले आणि आयुष्याचा मोठा भाग जबलपुरात घालवला. त्यांची ‘इंस्पेक्टर मातादीन चाँद पर’ ही कथा ‘पक्षी’ नाटकाशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. ॲरिस्टोफेनीसच्या नाटकात पक्ष्यांनी आकाशात वसवलेल्या नगरीत अथेन्सचे अधिकारी आणि हुकूमनामे विकणारे घुसू पाहतात आणि मार खाऊन परततात. परसाईंच्या कथेत चंद्रावरचे सरकार स्वतः भारतीय पोलीस निरीक्षकाला सुधारणेसाठी बोलावते, आणि तो तिथल्या व्यवस्थेची वाट लावून परततो. ग्रीक नाटककाराला आकाशात तरी सुटका दिसत होती. परसाईंना तीही दिसत नाही. जबलपूरच्या ‘विवेचना’ या १९६१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने परसाईंचे लेखन रंगमंचावर आणले आणि नगराची सुखात्मिका नगराच्या भाषेत उभी राहिली.

याच शहरात काही काळ शिक्षक व पत्रकार म्हणून राहिलेले गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले. त्यांनी हिंदीत लिहिले आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत. एकाच घरातील ही दोन भाषांची निवड व्यक्तिगत असली तरी तिच्यामागची परिस्थिती सार्वजनिक आहे. ज्याला नगराशी बोलायचे असेल, तो नगराच्या भाषेकडे जातो. मागे राहिलेली भाषा घराची सुखात्मिका उत्तम सांभाळते, पण नगरावर हसण्याचा तिचा सराव हळूहळू सुटतो. भाषेच्या आकुंचनाची मोजदाद बोलणाऱ्यांच्या संख्येने केली जाते. ती त्या भाषेत कोणत्या प्रकारचे हास्य शक्य राहिले आहे, यावरूनही करता येईल.

समारोप

ग्रीक सुखात्मिकेच्या मराठी प्रवासाकडे या दृष्टीने पाहिले असता, देवलांचे यश आणि ॲरिस्टोफेनीसची अनुपस्थिती या एकाच इतिहासाच्या दोन बाजू ठरतात. ज्या काळात मराठी माणसाच्या हाती नगराचा कारभार नव्हता, त्या काळात मराठी रंगभूमीने घराची सुखात्मिका परिपूर्णतेला नेली. मॅसिडोनियाच्या सत्तेखालच्या अथेन्समध्ये मिनँडरने तेच केले होते. या तुलनेत घराच्या सुखात्मिकेला कमी लेखण्याचा हेतू नाही. रेवतीवर विश्वास ठेवणारा अश्विनशेट हाही आपल्या परीने समाजाला उत्तरच देत होता.

ॲरिस्टोफेनीसचे मराठी भाषांतर करताना मूळ ग्रीक संहितेची निष्ठा, अश्लीलतेचा प्रश्न आणि छंदांची अडचण यांची चर्चा होईल, आणि ती आवश्यकच आहे. परंतु त्याआधीचा प्रश्न वृंदाचा आहे : पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलणारे ते चोवीस जण कोणत्या नगराचे नागरिक आहेत? महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर लोकनाट्याने दिलेले आहे. भाषांतरकाराने वगाच्या भाषेकडे जाण्याचे धैर्य दाखवले पाहिजे, इतकेच. ओमतीसारख्या ठिकाणी उत्तर वेगळे असेल. तिथला वृंद एका भाषेचा असू शकणार नाही. घरातले संवाद मराठीत आणि पॅराबेसिस हिंदीत, अशी संहिता ग्रीक संकेताला सोडून नाही. ॲरिस्टोफेनीसनेही मेगाराच्या, बिओशियाच्या आणि स्पार्टाच्या माणसांना आपापल्या बोलीत बोलते केले आहे, आणि त्या बोलींसह अथेन्सचा प्रेक्षक हसला आहे. द्विभाषिक नगरातील मराठी समाजाला स्वतःच्या भाषेत राहूनही नगराशी बोलण्याचा हा एक मार्ग आहे. त्यासाठी आधार अथेन्सच्याच रंगभूमीवर मिळतो, आणि तो मिनँडरपेक्षा ॲरिस्टोफेनीसकडे अधिक आहे.